वारीसाठी डीएसएलआर सोडून फिक्स लेन्सचा छोटा कॅमेरा घ्यावा का?

चित्रकलामास्तर

नमस्कार मंडळी. मी फलटण तालुक्यात शाळेत चित्रकला शिकवतो. गेली काही वर्षं सासवडपासून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालतो आणि आमच्या दिंडीतल्या माणसांचे फोटो काढतो. परत आलो की प्रिंट काढून ज्यांचे पत्ते घेतलेले असतात त्यांना टपालाने पाठवतो. काही घरांत तो म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक नीट फोटो असतो, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

कॅमेरा निकॉन डी७५०, त्यावर २४-१२० एमएमची झूम लेन्स (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). दोन्ही मिळून दीड किलोच्या वर. मानेच्या मणक्याचं दुखणं सुरू झालंय आणि डॉक्टरांनी गळ्यात काही अडकवायचं नाही असं बजावलंय.

पण खरं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी नीरेवर पादुकांचं स्नान झालं, त्यानंतर घाटाच्या पायरीवर एक आजी तुळस मांडीवर घेऊन पाय चोळत बसल्या होत्या. मी आठ-दहा पावलांवरून लेन्स रोखली आणि त्यांनी पदर तोंडावर ओढला. पाचच मिनिटांनी दिंडीतलं एक पोरगं मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी टेकलं, तर त्याच्याशी बोलता बोलता छान फोटो काढून घेतला. ते डोक्यातून जात नाही.

रिको जीआर थ्री किंवा फुजी एक्स१००सिक्स यांपैकी काही घ्यावं असं मनात आहे. दोन्हींत लेन्स बदलता येत नाही, झूम नाही. ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी खरं काय ते सांगा. पावसाचंही सांगा.

भिजलेली_वाट

सर, मी ४ वर्षं जीआर थ्री वापरतेय. बॅटरीसकट २५७ ग्रॅम. कुडत्याच्या खिशात राहतो, त्यामुळे दिवसभर हात मोकळे. तुम्ही दिंडीत चालताना टाळ धरू शकाल, हा फायदा कुठल्याही परीक्षणात लिहिलेला नसतो.

गर्दीत मी स्नॅप फोकस वापरते, म्हणजे फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवते. अंतर २ मीटर, छिद्र एफ८ ठेवलं की साधारण एका मीटरपासून मागच्या रांगेपर्यंत सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, बटण दाबलं की फोटो. शटरचा आवाज जवळजवळ नाहीच, कीर्तनात कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

मात्र याची लेन्स २८ एमएमची, म्हणजे चेहऱ्यासाठी हातभर अंतरावर जावं लागतं आणि तिथून नाक मोठं दिसतं. कॅमेऱ्यातच फोटोच्या कडा कापून (क्रॉप करून) ५० एमएमसारखं केलं तर २४ मेगापिक्सेलचे ७ उरतात. तुम्ही माणसांचे फोटो काढता, तर जीआर थ्री एक्स बघा. त्याची लेन्स ४० एमएमची आहे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, दोन्हींत नाही, भर दुपारी स्क्रीनवर चाचपडावं लागतं. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार २०० फोटोंची. तुमच्या डी७५०ची १२३० आहे, विसरू नका. पॉवर बँकवर चार्ज होतो, पण मुक्कामी रात्री चार्जिंगला काय झुंबड असते ते तुम्हाला माहीतच आहे.

जुना_ट्रायपॉड

मी सगळं विकून छोटा कॅमेरा घेतला होता आणि दीड वर्षात परत आलो, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. चालू केला की लेन्स बाहेर येते, बंद केला की आत जाते, अशी रचना होती. त्या ये-जा करण्यात हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या भागावर, डाग पडला. लेन्स निघत असती तर ब्लोअरने दोन मिनिटांचं काम होतं. इथे अख्खा कॅमेरा उघडायला पाठवावा लागला आणि त्यात दीड महिना गेला. लेन्स बदलत नाही म्हणजे आत काही जाणार नाही, हा समज सोडा.

पावसाचं म्हणाल तर जीआर थ्रीला संरक्षण नाही. एक्स१००सिक्सला आहे, पण लेन्सवर वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच. ते दोन्ही खर्चात धरा. वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे खिशातला नव्हे, खांद्यावरचा कॅमेरा.

आणि रिंगण? पुरंदावड्याला अश्व धावताना एक्स१००सिक्सच्या ३५ एमएममध्ये काय येणार? वाटेवरची वळणावळणाची रांगही लांबच्या लेन्सनेच एकमेकीला चिकटून दाट दिसते. ते फोटो सोडायची तयारी आहे का, ते आधी ठरवा.

चित्रकलामास्तर

दोघांचे आभार. काल रात्री लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थचा (लेन्सच्या एमएमचा) फिल्टर लावून गेल्या वर्षीचे टपालाने पाठवलेले फोटो मोजले. एकूण २१२. त्यांतले १३४ फोटो २४ ते ४० एमएममधले. १०० च्या पुढचे ३८, आणि त्यांतले बहुतेक रिंगणाचे. म्हणजे लोकांना जे द्यायचं ते मी बहुतेक जवळूनच काढत होतो.

रिंगणाचं ट्रायपॉड यांचं म्हणणं पटलं. पण अंकलीहून येणाऱ्या अश्वांचे फोटो काढणारे तिथे शेकड्याने असतात. आमच्या दिंडीतल्या आजींचा फोटो मी नाही काढला तर कोणी काढत नाही. रिंगण मी आता कॅमेऱ्याशिवाय बघेन. डी७५० विकत मात्र नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनाला लागतो.

आज झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून ती ४० वर पक्की केली आणि फलटणच्या बाजारात गेलो. पहिला अर्धा तास हात सारखा रिंगकडे जात होता. मग भाजीवाल्या बाईंच्या समोर उकिडवा बसलो, वांग्यांचा भाव विचारला आणि बोलता बोलता फोटो काढला. एरवी मी पलीकडच्या ओट्यावरून काढला असता. अडचण एकच, एवढी मोठी लेन्स तोंडासमोर आली की त्या जरा मागे सरकल्या.

थ्री एक्स हातात घेऊन बघायला कुठे मिळेल?

भिजलेली_वाट

माझ्या बहिणीकडे आहे, आम्ही सासवडलाच राहतो. रविवारी सकाळी या. दिवसभर घेऊन फिरा, संध्याकाळी परत द्या. कार्ड तेवढं तुमचं आणा.