फिल्म्स डिव्हिजनचे सत्तरचे लघुपट : सरकारी पैशातलं धाडस की सरकारचीच तुतारी?

अर्धं तिकीट (धागाकर्ता)

आमच्या फिल्म क्लबला एका संध्याकाळचा कार्यक्रम ठरवायचा आहे. हातात दीड तास. मी सुचवलं की सगळा वेळ फिल्म्स डिव्हिजनच्या (केंद्र सरकारचं माहितीपट आणि न्यूजरील बनवणारं खातं) १९६८ ते १९७८ मधल्या लघुपटांना देऊ. त्यावरून क्लबच्या ग्रुपवर अशी जुंपली की शेवटी ॲडमिननं विषय बंद केला. म्हणून इथे आणलाय.

माझं मत सरळ आहे. त्या काळात मुंबईतला सगळ्यात मोकळाढाकळा सिनेमा कुठल्या स्टुडिओत नाही, पेडर रोडच्या सरकारी आवारात बनत होता. आपल्या आईवडिलांना तो 'न्यूजरील' म्हणून आठवतो. मुख्य पिक्चरआधी धरण, गव्हाची लोंबी, मंत्र्यांच्या हस्ते फीत. तोवर पब्लिक बाहेर चहा पीत उभं. पण त्याच रिळांमध्ये प्रमोद पतींचा 'आबिद' (१९७०) होता, 'ट्रिप' (१९७०) होता, त्याआधीचा 'एक्स्प्लोरर' (१९६८) होता.

'आबिद' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पती ओडिशाचे, चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्कांकडे बाहुल्यांचं ॲनिमेशन शिकून आलेले. इथे त्यांनी बाहुलीच्या जागी जिवंत माणूस उभा केला. 'ढब्बूजी' या व्यंगचित्रमालिकेवाले आबिद सुरती. कोरी खोली, त्यात हा चित्रकार, आणि बघता बघता भिंती रंगानं भरत जातात. माणूस चालत नाही, सरकतो. इथे दिसतो, तिथे उगवतो. युक्ती अशी की त्यानं एका जागी थिजायचं, कॅमेऱ्यानं एखाददुसरी फ्रेम टिपायची, मग त्यानं वीतभर हलायचं, पुन्हा थिजायचं. सेकंदाला २४ फ्रेम. पाच मिनिटांचे झाले ७,२००. संगणक नाही, चुकलं तर मागे जाणं नाही. आणि हे सगळं 'भारत सरकारची प्रस्तुती' या पाटीखाली!

माझी यादी: 'एक्स्प्लोरर', 'आबिद', 'ट्रिप', एस. एन. एस. शास्त्रींचा 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' (१९६८), तय्यब मेहतांचा 'कूडल' (१९७०, वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत, जेवून येऊ नका), मणी कौल यांचा 'चित्रकथी' (१९७७) आणि विधू विनोद चोप्रांचा मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवरचा 'ॲन एन्काउंटर विथ फेसेस' (१९७८), ज्याला ऑस्करचं नामांकन होतं.

मतं येऊ द्या.

तिसरी घंटा

यादी झकास, दावा भंपक.

आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ नुसती न्यूजरीलं निघायची. त्यावर माहितीपटांचा रतीब वेगळा. त्या डोंगरातून सात दाणे वेचायचे आणि अख्ख्या खात्याला मोकळाढाकळा म्हणायचं? बाकी ९९ टक्के माल काय होता ते तुम्हीच लिहिलंय: धरण, लोंबी, फीत.

दुसरं, तुमच्या यादीत सुखदेव का नाहीत? 'इंडिया ६७'वाले, बांगलादेश युद्धावर 'नाइन मन्थ्स टु फ्रीडम' (१९७२) करणारे. त्या पिढीतला सगळ्यात ताकदीचा माणूस. मी सांगतो का नाही ते. कारण सुखदेव घेतले की १९७६ चा 'थंडर ऑफ फ्रीडम' पण घ्यावा लागतो, आणि तो आणीबाणीचे फायदे सांगणारा आहे. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि हा एवढा गुणी दिग्दर्शक पडद्यावर शिस्तीचे गोडवे गातोय. तो गाळून केलेला कार्यक्रम म्हणजे लग्नाच्या अल्बममधून नको त्या काकांना कापून काढण्यासारखं आहे.

अर्धं तिकीट

सुखदेव वेळेअभावी नाहीत. आणि माझा दावा खात्याबद्दल नाहीच, त्या खात्यात जागा सापडली याबद्दल आहे. खासगी निर्मात्यांपैकी कोणी पतींना 'एक्स्प्लोरर' करायला पैसे दिले असते? सात मिनिटं, कथा नाही, निवेदन नाही, नाचणारी पोरं आणि देवळं एकमेकांत मिसळलेली, वर विजय राघव राव यांचं ते चक्रावून टाकणारं ध्वनिसंयोजन. एक नाव सांगा.

तिसरी घंटा

जागा सापडली नाही, दिली गेली. इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९६५ मध्ये पॅरिसहून, युनेस्कोतून, जाँ भावनगरींना बोलावलं गेलं. त्यांनी पती, शास्त्री वगैरेंना मोकळीक दिली. वरून आलेली मोकळीक वरूनच काढून घेतात. दहा वर्षांत तेच झालं, बाईही त्याच.

शिवाय पतींचा 'क्लॅक्सप्लोजन' (१९६८) आठवतो का? तोही माणसांना फ्रेम-फ्रेम हलवून केलेला, तोही चटपटीत. विषय: कुटुंबनियोजन. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर आपल्याच विधिमंडळानं १९७६ साली मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. अशा मोहिमेची जमीन आधी गोड हसवून भुसभुशीत करावी लागते. ते काम कुणी केलं?

डबल बॅटरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

अर्धं तिकीट

@तिसरी घंटा, १९६८ च्या दोन मिनिटांच्या गमतीवर १९७६ च्या सक्तीचं खापर? पती १९७५ मध्येच गेले हो. कुटुंब लहान ठेवा असं सांगणं आणि माणसाला ट्रकमध्ये कोंबून नेणं यात काहीच फरक नाही?

तिसरी घंटा

फरक आहे. खापर पतींवर फोडत नाहीये. पण फिल्म बनवणाऱ्याला ती कशाच्या कामी येणार हे ठरवता येत नव्हतं, त्यालाच सरकारी खातं म्हणतात. मोकळीक चौकटी मोडायला होती, प्रश्न विचारायला नव्हती.

कायदेबाज

दोघंही प्रेक्षकाला विसरलात. या फिल्म लोकांनी निवडून पाहिलेल्या नाहीत. थेटरच्या लायसन्सची अटच होती की प्रत्येक खेळाला मान्यताप्राप्त फिल्म दाखवायची, २,००० फुटांपर्यंत, म्हणजे पस्तीस एमएमचा सुमारे बावीस मिनिटांचा वेळ. वर भाडं मालकानंच भरायचं, निव्वळ गल्ल्याच्या एक टक्क्यापर्यंत. म्हणजे तुमच्या 'आबिद'चा खर्च अंशतः 'बॉबी'च्या तिकिटातून निघालाय. थेटरवाले या अटीविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९९९ मध्ये हरले. कोर्टानं अट वैध ठरवली.

आणि मोकळेपणाचा विषय निघालाच आहे तर ख्वाजा अहमद अब्बास यांचं प्रकरण वाचा. 'अ टेल ऑफ फोर सिटीज' ही त्यांची छोटी फिल्म. मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं कापा, नाहीतर 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र घ्या, असं सेन्सॉर म्हणालं. अब्बास कोर्टात गेले. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्व-सेन्सॉरशिप घटनेत बसते असा निकाल दिला. आजही तो निकाल उद्धृत होतो. ज्या वर्षी पेडर रोडवर आबिद सुरती भिंती रंगवत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट.

फाटकी रिळं

मला वाटतं धागाच चुकीच्या पत्त्यावर आलाय. धाडस बघायचं तर सरकारी आवाराबाहेर बघा.

एक: अकबर पदमसी. नेहरू फेलोशिपच्या पैशातून १९६९ मध्ये नेपियन सी रोडला चित्रकार, छायाचित्रकार, ॲनिमेटर यांना एकत्र आणणारी कार्यशाळा उभी केली. 'सिझिजी' (१९७०) तिथलीच: रेषा, ठिपके, आकडे आणि शून्य तडजोड. विशीतल्या नलिनी मलानींनी तिथेच सुरुवातीच्या फिल्म केल्या. १९६९ साली. एका तरुण मुलीनं. तेव्हा आपल्याकडे 'प्रायोगिक' म्हणजे छबिलदासचं नाटकही सुरू व्हायचं होतं.

दोन: आनंद पटवर्धन, 'क्रांती की तरंगें' (१९७५). बिहारमधल्या जेपींच्या आंदोलनावर. सुपर एट कॅमेऱ्यानं टिपलेलं पडद्यावर पाडायचं आणि सोळा एमएमवर पुन्हा शूट करायचं, असली कामचलाऊ जुळवाजुळव. मग आणीबाणी आली, तर प्रिंटचे तुकडे करून देशाबाहेर पोचवले. सुखदेव दिल्लीसाठी फिल्म करत होते त्याच सुमाराची गोष्ट ही.

दोघांनाही पेडर रोडची गरज पडली नाही.

अर्धं तिकीट

पटवर्धनांबद्दल दंडवत, वाद नाही.

पण पदमसींचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्यांची दुसरी फिल्म 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' दाखवा बघू. नाही दाखवता येणार, कारण एकच प्रिंट होती आणि ती हरवली. अशीम अहलुवालियांनी २०१६ मध्ये पदमसींच्या आठवणीवरून ती पुन्हा घडवायचा प्रयत्न केला, त्यावरच आपण समाधान मानतो. उलट पतींच्या फिल्म आज घरबसल्या मोबाइलवर दिसतात. का? कारण सरकारी खात्यात निगेटिव्ह जपून ठेवायला तिजोरी होती, रजिस्टर होतं, सही करणारा कारकून होता. धाडसाला कारकूनही लागतो, साहेब.

फाटकी रिळं

हे मान्य करावंच लागेल. कारकुनाचा मुद्दा सपशेल पटला. (बाकीचं नाही.)

पिंगुळीचो झील

'चित्रकथी'चं नाव बघून आलो. मणी कौल यांच्या त्या फिल्ममध्ये आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार आहेत. हातकागदावरची चित्रं, एकेक पान उचलून समोर धरायचं, मागून वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचं. पान उलटलं की प्रसंग बदलला. कौल यांनी ते घाई न करता बघितलंय, वर्णन करणारा तो भरदार आवाज डोक्यावर बसवलेला नाही. फिल्म म्हणून चांगलीच आहे.

पण तुम्ही लोक 'जपून ठेवलं' म्हणता तेव्हा माका हसू येतां. काय जपलं? फिल्म जपली. ती पिंगुळीत कधी कुणी दाखवली? माझ्या आजोळच्या म्हाताऱ्यांपैकी एकाला ती माहीत नव्हती. कला टिकली ती परशुराम गंगावणेंसारख्या घरच्या माणसांनी टिकवली म्हणून. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. क्लबच्या दीड तासात फिल्म जरूर लावा. जमल्यास पिंगुळीचा एखादा चित्रकथी बोलवा आणि मानधन द्या. फुकटात नको.

अर्धं तिकीट

@पिंगुळीचो झील, हे डोक्यात आलंच नव्हतं. व्यनि करतो.

टेम्सकाठची

इथे लंडनमध्ये याच वादाची दुसरी बाजू बघते आहे. सत्तरमध्ये बीबीसीचा 'प्ले फॉर टुडे' सुरू झाला. दर आठवड्याला एक स्वतंत्र टीव्ही-नाटक किंवा टीव्ही-फिल्म. माइक ली यांची 'नट्स इन मे' (१९७६) आणि 'ॲबिगेल्स पार्टी' (१९७७), ॲलन क्लार्क यांची 'पेंडाज फेन' (१९७४). पैसा जनतेचाच, लायसन्स फीमधून. पण तिथल्या पात्रांना पोलिसांवर, चर्चवर, मध्यमवर्गावर तोंड टाकायची मुभा होती. आपल्याकडे ती नव्हती, हा @तिसरी घंटा यांचा मुद्दा मला पटतो.

अर्थात बीबीसीही काही संत नाही. क्लार्क यांचीच बालसुधारगृहावरची 'स्कम' १९७७ मध्ये बनून तयार होती, साहेबांनी ती डब्यात घातली आणि टीव्हीवर दाखवली १९९१ मध्ये. विधू विनोद चोप्रांनी रस्त्यावरच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं, ती फिल्म निदान ऑस्करपर्यंत गेली.

डबल बॅटरी

टीव्हीचा विषय निघालाय म्हणून: मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या दशकातला त्याचा 'गजरा' हा कार्यक्रम किती जणांना आठवतो आणि त्यातलं आज किती बघायला मिळतं, याचा हिशेब करा. टेप महाग, एकीवरच पुन्हा पुन्हा चित्रण. तिथेही कारकून होतेच की. अमेरिकेत स्पीलबर्गनं टीव्हीसाठी केलेली 'ड्युएल' (१९७१) पुढे वाढवून परदेशी थेटरांत लागली. आपल्याकडे टीव्हीचं टीव्हीतच विरघळलं.

तिसरी घंटा

वाचलं सगळं. कारकुनाचं मलाही पटलं, पण मग तो कारकून सगळंच जपतो ना? 'थंडर ऑफ फ्रीडम'ही त्याच रजिस्टरात आहे. आपणच वेचक का व्हायचं?

माझा प्रस्ताव: 'ट्रिप' किंवा 'एक्स्प्लोरर' यातली एक गाळा आणि 'थंडर ऑफ फ्रीडम'मधली पंधरा मिनिटं लावा. आणि ती 'आबिद'ला अगदी चिकटून. आधी 'आबिद', दिवे न लावता लगेच सुखदेव. एकाच खात्याची पाटी दोनदा दिसू दे.

अर्धं तिकीट

तुकडा दाखवणं मला मान्य नाही. सुखदेव दाखवायचे तर अख्खे दाखवा, नाहीतर पंधरा मिनिटांत तुम्हाला हवं तेवढंच दिसेल आणि माणूस नुसता भाट ठरेल. तुमच्यासाठी मी 'एन्काउंटर' वगळतो. ती पुढच्या महिन्यात स्वतंत्र लावू. 'एक्स्प्लोरर'ला मात्र हात लावू देणार नाही.

तिसरी घंटा

अख्खे तर अख्खे. पण क्रम माझा.

कायदेबाज

सार्वजनिक प्रदर्शनासाठी परवानगी घ्या. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) विलीन झालंय, पत्र तिकडे जाईल. ऑनलाइन दिसतंय म्हणून हॉलमध्ये लावता येतं असं नाही.

अर्धं तिकीट

पत्र टाकतो. क्रम तुमचा, @तिसरी घंटा. पण मध्ये दोन मिनिटं दिवे लागतील. मागच्या रांगेतल्या आजोबांना बाहेर जाऊन चहा प्यायचा हक्क आहे, आणि १९७६ ला तो थेटरात सगळ्यांनी वापरलाच होता.

डबल बॅटरी

तारीख कळवा. चहा माझ्याकडून.