कुटुंबाचा एकत्र फोटो: कपडे आणि तयारी (अनुभव धागा)

धागाकर्ती
दिवाळी, वास्तुशांत, आजी-आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन अशा निमित्ताने घर एकत्र येतं आणि फोटोग्राफर बोलावून रीतसर फोटो काढायचं ठरतं. कोणी काय घालायचं, कुठे उभं राहायचं, आदल्या दिवशी काय उरकायचं, हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. नेमकं लिहा: काय बिघडतं आणि का.

साडीच्या दुकानातून
सुरुवात घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईच्या साडीपासून करा. आजी तिची ठेवणीतली पैठणीच नेसणार आणि तिने तीच नेसावी. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून ठरवायचं. समजा जांभळी पैठणी आहे, हिरवे काठ आहेत. मग दुसरी जांभळी साडी नको. सुना-मुलींना मोतिया, हळदी, फिकट मोरपंखी. पुरुषांना बदामी किंवा ऑफ-व्हाइट कुर्ते, एखाद्याला काठाशी जुळणारं हिरवं जाकीट. ठळक नक्षीची दोन वस्त्रं शेजारी-शेजारी आली की नजर चेहऱ्यावर ठरत नाही.

धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. दुकानातल्या ट्यूबखाली जुळवलेलं मॅचिंग त्यामुळे उन्हात चुकतं. सगळ्यांचे कपडे दिवसा खिडकीजवळ पलंगावर पसरा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकाच राखाडी छटेत दिसलं तर माणसं एकमेकांत मिसळणार. एक-दोन कपडे गडद किंवा फिके करा.

फोटोग्राफर, कोल्हापूर
बारीक चौकडी आणि पेन्सिलीसारख्या रेघांचे शर्ट टाळा. त्या रेघा आणि कॅमेऱ्यातल्या सेन्सरची जाळी एकमेकांवर आल्या की कापडावर इंद्रधनुषी लाटा उमटतात, आणि त्या नंतर काढणं फार किचकट असतं. पोपटी आणि झगझगीत गुलाबी रंगाची झाक थेट हनुवटीवर आणि गळ्यावर पडते, शेजारच्याच्या गालावरसुद्धा. शुभ्र पांढरा कुर्ता उन्हात सपाट पांढरा होतो, त्याचं विणकाम दिसत नाही.

आता जागा. नथ डाव्या नाकपुडीत आणि पदर डाव्या खांद्यावर. बाई कॅमेऱ्यातून बघताना डाव्या टोकाला उभी राहून मध्याकडे वळली, तर तिचा उजवा गाल समोर येतो. नथ आणि पदर दोन्ही झाकले जातात. म्हणून नथ घातलेल्यांना शक्यतो फ्रेमच्या उजव्या बाजूला ठेवतो. एवढ्या एका बदलाने फोटो खुलतो. टोकाला धिप्पाड माणूस नको, कारण वाइड लेन्स कडेची माणसं ताणते. जागा असेल तर मागे सरकून पन्नास मिलिमीटरची लेन्स लावावी. तीन ओळी असतील तर एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे पुढच्या-मागच्या ओळी स्पष्ट येतात), फोकस मधल्या ओळीतल्या डोळ्यांवर.

वेळ सूर्यास्ताआधीचा सव्वा तास. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेपाचला सगळे तयार हवेत. झाडाखाली उभं करायचं असेल तर सलग सावली बघा; पानांतून गळणाऱ्या कवडशांनी एकाचा अर्धा चेहरा अति उजेडाने पांढरा पडतो.

साडी नेसवणारी, डोंबिवली
पैठणीला इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, रेशमाच्या तापमानावर. पाणी शिंपडू नका, डाग उमटतात. अत्तर साडी नेसण्याआधी अंगाला लावा; जरीवर उडालं की जर काळवंडते.

मोरांचा पदर पाठीवर जातो आणि समोरून दिसतच नाही. एकत्र फोटोत पदर डाव्या हातावर मोकळा सोडायचा, खांद्यावर एक पिन आतून लावायची आणि पदराचं टोक पुढे आणून मनगटावर घ्यायचं. पिन जरीत टोचू नका, काठाच्या आतल्या साध्या रेशमात टोचा, आणि पिनेच्या गोल टोकाशी एक मणी घाला म्हणजे कापड अडकून फाटत नाही.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. नेसवायला माणशी अर्धा तास धरा, आणि सगळ्यांत शेवटी नेसवा. शिवलेली नऊवारी उभ्याने ठीक, मांडी घालून बसल्यावर पोटऱ्या उघड्या पडतात. आत साडीच्याच रंगाची लेगिंग हवी. मेंदी दोन दिवस आधी, कारण रंग दुसऱ्या दिवशी चढतो. गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि फोटोच्या आधी माळा.

लहान मुलांचे कपडे शिवणारी
जरीच्या जाकिटाला आतून सुती अस्तर नसेल तर मूल दहा मिनिटांत मान खाजवायला लागतं. आत पातळ सुती बनियन घाला. पोट भरून, झोप झाल्यावरची वेळ पकडा. कपडे शेवटच्या क्षणी चढवा.

साडीच्या दुकानातून
एक राहिलं. पातळ ऑफ-व्हाइट कुर्त्यातून पांढरा बनियन बाह्यांसकट दिसतो. त्वचेच्या रंगाचा घाला. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढा, कुर्ता एका बाजूला ओढला जातो.

फोटोग्राफर, कोल्हापूर
चष्म्यावर चमक येत असेल तर काढायला लावू नका, चष्म्याशिवाय आजोबा ओळखीचे दिसत नाहीत. काड्या कानावर किंचित उचला, काच थोडी खाली झुकते आणि चमक निघून जाते. फ्लॅश लावणार असाल तर झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन नको, चेहरा पांढुरका येतो.

न्यू जर्सीहून
इकडे ऑक्टोबरात पानं पिवळी-नारिंगी होतात आणि बागेत फोटो ठरतात. त्यापुढे हळदी आणि केशरी साड्या हरवतात. गर्द निळी, वांगी, बाटली हिरवी उठून दिसतात. नऊवारीखाली त्वचेच्या रंगाची उबदार लेगिंग आणि पोलक्याखाली उबदार बनियन घालता येतं, पण बनियनचा गळा पोलक्याच्या गळ्यापेक्षा खोल हवा. गवत ओलं असतं, साडी घोट्याच्या बोटभर वर नेसा.

फोटोग्राफर, कोल्हापूर
क्रम असा ठेवा: आधी सगळ्यांचा एकत्र, मग आजी-आजोबा आणि नातवंडं, मग जोडपी. ज्येष्ठांना पहिल्या वीस मिनिटांत मोकळं करा. त्यांच्या खुर्च्या हात नसलेल्या, साध्या लाकडी घ्या. दहा जण असतील तर एकाच मांडणीचे सहा-सात फोटो काढा, कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. यादी आदल्या रात्री कागदावर लिहा, आणि नावं पुकारायला घरातलाच एक जण नेमा, ज्याला सगळी नाती माहीत आहेत.