मदत हवी आहे: उंची ४ फूट ११ इंच, पाठ ३९ सेंमी. विमानात सोबत नेता येईल अशी सॅक कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात मी आणि माझी जाऊ मेघालयला निघालोय. साताऱ्याहून एसटीने स्वारगेट, तिथून लोहगाव, विमानाने गुवाहाटी आणि पुढे गाडीने शिलाँग, सोहरा म्हणजे आपलं चेरापुंजी. सामान चेक-इनला न देता सगळं सोबतच न्यायचं ठरलंय. नोंग्रियाटचा झाडांच्या जिवंत मुळांचा दुमजली पूल बघायचाच आहे. तिथे उतरायला तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच चढायच्या. त्यामुळे ट्रॉली बॅग सुचवू नका, सॅकच हवी.

भाच्याची ४० लिटरची सॅक मागून आणली. आत पाच किलो तांदळाची पिशवी आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि सकाळी अजिंक्यताऱ्यावर निघाले. पहिल्या वळणापर्यंत काही वाटलं नाही. मग कमरपट्टा खाली सरकून मांड्यांवर आला. पूर्ण आवळला तरी मूठभर जागा शिल्लक. खांद्याचे पट्टे खांद्यावर टेकायच्याऐवजी वर कमानीसारखे उचललेले, आतली कड मानेला काचत होती, आणि वर बघायला मान उचलली की डोकं सॅकवर आपटायचं. मंगळाई देवीच्या देवळापाशी सॅक उतरवली तेव्हा दोन्ही खांद्यांवर लाल वळ होते. एरवी याच वाटेने मी रोज चालते, वजनाची सवय आहे. ७ किलो मला जड नाहीत, ती सॅक माझ्या अंगाची नव्हती.

घरी आल्यावर जावेने शिवणाच्या टेपने पाठ मोजली. मान पुढे झुकवली की तिच्या बुडाशी जो मणका टपोरा हाताला लागतो, तिथून सुरुवात. कमरेच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मागे वळवायचे, ते जिथे पाठीच्या कण्यापाशी येतात तिथे शेवट. माझी भरली ३९ सेंमी. मग तिची मोजली. ती माझ्याहून पाच इंच उंच, पण पाठ फक्त ४१! तिची उंची सगळी पायांत आहे. म्हणजे नुसती उंची सांगून सॅक घेण्यात अर्थ नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता घोळ असा आहे. आमच्या तिकिटावर ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंमी अशी मर्यादा आहे, आणि केबिन सॅक म्हणून विकतात त्या बऱ्याचशा बरोबर ५५ उंचीच्या. माझ्या ३९ च्या पाठीवर ५५ ची सॅक ठेवली की वरचे १६ सेंमी एकतर डोक्यामागे जाणार नाहीतर बुडाखाली लोंबणार. इथल्या एका दुकानात पाठीच्या मापाचं विचारलं तर दुकानदार म्हणाले, "ताई, सॅकला कुठं माप असतंय? ती काय चप्पल आहे का?" माणूस सज्जन होता, पाच-सहा सॅक काढून दाखवल्या, पण सगळ्यांची पाठ एकच. लेडीज म्हणून दाखवलेलीचा फक्त रंग वेगळा होता.

माझ्यासारख्या बारीक चणीच्या कुणी स्वतः वापरलेली सॅक असेल तर सांगा. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी घ्यावी, की सरळ ३० लिटरची लहान? आणि रिकाम्या सॅकचंच वजन दीड किलो असेल तर सात किलोत ते परवडतं का?

प्रतिसाद १

ताई, मी सांगलीची, उंची पाच फूट, पाठ तुमच्याएवढीच. ४० लिटरचा नाद सोडा. २८ ते ३२ लिटरची, उंचीला ४८-५० सेंमी असलेली बघा. सात किलोत तसंही ४० लिटर भरून होत नाहीत, आणि अर्धवट भरलेली मोठी सॅक मागे ओढते.

दुकानात रिकामी घालून बघू नका, वजन भरून बघा. आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरपट्टा, त्याचा मध्य कमरेच्या हाडावर यायला हवा, पोटावर नाही. मग खांद्याचे पट्टे, मग छातीवरचा. शेवटी खांद्यावरून सॅककडे जाणाऱ्या बारीक पट्ट्या हलक्या ओढायच्या. कमरपट्टा शेवटपर्यंत आवळूनही सैल राहिला तर ती सॅक तिथेच ठेवून या, कितीही आवडली तरी. बायकांसाठी वेगळी बेतलेली असेल तर तिच्या खांद्याच्या पट्ट्यांना इंग्रजी एस अक्षरासारखा बाक असतो, ते बघा.

एक मात्र आहे. लहान सॅकला बऱ्याचदा जाड कमरपट्टा नसतो, नुसती पट्टी असते. ती सॅक हलू देत नाही, वजन पेलत नाही.

प्रतिसाद २

सॅकचं ठीक, पण नोंग्रियाटला सगळं सामान न्यायची गरजच काय? आम्ही सोहऱ्याच्या होमस्टेवर मोठं सामान ठेवलं आणि एका रात्रीचे कपडे, टॉवेल, पाणी एवढंच घेऊन उतरलो. चढताना गुडघ्यांनी आभार मानले. घडी होणारी छोटी पिशवी-सॅक मिळते, तीही ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सामान वर ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं, होमस्टेला आजच फोन करते.

सांगलीच्या ताई, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने भाच्याचीच सॅक पुन्हा घालून बघितली. कमरपट्टा हाडावर आणला तर खांद्याचे पट्टे चार बोटं वर राहिले. म्हणजे सॅकची पाठच लांब, माझं घालायचं चुकत नव्हतं. जरा हायसं वाटलं. आता ३० लिटर, उंची ५० च्या आत, जाड कमरपट्टा आणि रिकामं वजन सव्वा किलोच्या आसपास, एवढं कागदावर लिहून रविवारी पुण्याला जातोय. तांदळाची पिशवी आणि टेप सोबत घेतेय. पुण्यात वजन भरून निवांत चालून बघू देणारं दुकान माहीत असेल तर शनिवारपर्यंत कळवा.