क्राफ्ट बिअर आणि कोळशावरचं चिकन: कशाबरोबर काय जमतं?

निखारे_आणि_गप्पा:
मंडळी नमस्कार. पुढच्या शनिवारी आम्ही कॉलेजचे नऊ जण मुळशीला एका मित्राच्या फार्महाऊसवर जमतोय. सगळे एकत्र असे चार वर्षांनी भेटणार, दोघं तर खास बंगलोरहून येतायत, म्हणून यावेळी मला सगळं मनापासून नीट करायचंय. कोळशाची शेगडी, जाळी, सळया सगळं आहे. दह्यातलं लाल तिखटाचं चिकन, सुरमई किंवा बांगडा जे ताजं मिळेल ते, आणि दोघं शाकाहारी आहेत त्यांना पनीर, कणसं, भरताची वांगी. बिअर पुण्यातून ग्रोलरमधे (ताजी बिअर भरून न्यायची घट्ट झाकणाची मोठी बाटली) भरून न्यायचा विचार आहे.
मागच्या वेळी आयपीए (इंडिया पेल एल, ती कडवट बिअर) नेली होती, नुसती प्यायला सगळ्यांना आवडली पण चिकनबरोबर घेतली की तोंडात नुसती आग, चिकनची चव गेली आणि बिअरची पण, शेवटी अर्धी तशीच राहिली. चिकन नेहमीच्याच हाताचं, तिखट तेवढंच, मग असं का झालं? यावेळी काय न्यावं? आणि ग्रोलर एवढ्या प्रवासात टिकतो का?

फेसाळ_पुणेकर:
भावा, चूक चिकनची नाही आणि बिअरचीही नाही, जोडी चुकली. आयपीएत हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) भरपूर, त्यांचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना चढवतात, वर बिअरमधला गॅस आणि अल्कोहोल दोन्ही पोळलेल्या जिभेला आणखी टोचतात. नावात इंडिया असलं तरी ती बिअर आपल्या तिखटासाठी झालेलीच नाही, १८व्या शतकाच्या शेवटी लंडनहून इथल्या इंग्रजांसाठी जहाजाने बिअर यायची, त्या लांबच्या प्रवासात ती खराब होऊ नये म्हणून हॉप्स जास्त घालायचे, तिथून ही जात पुढे आली.
तिखट चिकनला हेफेवाइझेन घे, डोळे झाकून. निम्म्याहून जास्त गहू असतो, अंगाने मऊ, किंचित गोडसर आणि कडवटपणा फार कमी (आयबीयूत, म्हणजे कडवटपणा मोजायच्या मापात, बोलायचं तर ही १०-१५ आणि आयपीए ४०-७०). केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो यीस्टचा, वरून काही घातलेलं नसतं. मला तर त्या लवंगेच्या वासामुळेच ती आपल्या मसाल्याशी एवढी जुळते असं वाटतं. पुण्यात २००९ ला डूलाली ही स्वतःची ताजी बिअर बनवणारी जागा सुरू झाली त्यानंतर मी पहिल्यांदा ताजी हेफे प्यायलो, त्याआधी बिअर म्हणजे एकच पिवळी थंडगार चव एवढंच माहीत होतं, त्या दिवसापासून जे वेड लागलं ते आजपर्यंत आहे.
वांग्याला मात्र स्टाउट, ती काळी बिअर. साल पार काळी होईपर्यंत भाजलेलं वांगं आणि स्टाउटमधली कॉफीसारखी भाजलेली बार्ली, दोन्हीत तोच भाजका कडू-गोड सूर. फक्त स्टाउट बर्फगार नको, आधी बाहेर काढून ठेव, १०-१२ डिग्रीला आली की खरी चव उघडते.
ग्रोलर निघायच्या अगदी आधी भरून घे, वर थोडीशीच जागा सोडून, आणि बर्फाच्या पेटीत ठेव. उन्हात डिकीत नको, फ्रीझरमधे तर अजिबात नको. न उघडता दोनेक दिवस बरा राहतो, पण एकदा उघडला की त्याच बैठकीत संपवायचा, नंतर गॅस उडून जातो.

बांबर्गमधला_मराठी:
मी जर्मनीत बांबर्गला राहतो, इथे धुराची बिअर मिळते, राउखबिअर. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जाळावर माल्ट (मोड आणलेली बार्ली) वाळवतात आणि तो धूर थेट बिअरमधे उतरतो. पूर्वी माल्ट असाच जाळावर वाळवायचे त्यामुळे धुराचा वास बऱ्याच बिअरना असायचा, नंतर धूर न लागता वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि सगळीकडून तो गेला. इथल्या श्लेंकर्ला आणि श्पेझियाल या बिअर बनवणाऱ्यांनी मात्र सोडला नाही. पहिला घोट घेतला तेव्हा मला चुलीवरच्या भाकरीची आठवण आली, खरंच. इथले लोक सांगतात की पहिल्या ग्लासावरून मत बनवू नका, आणि ते बरोबर आहे, दुसऱ्या ग्लासानंतर धूर मागे जातो आणि माल्टचा गोडवा पुढे येतो. पुण्यात कुठे धुराच्या माल्टची बिअर दिसली तर एक ग्रोलर नक्की घ्या, कणसाबरोबर प्या.

रायगडची_लेक:
दादा, बांगडा मिळाला तर विटबिअर बघा. बेल्जियन पद्धतीची, त्यात धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात, आपल्या माशाला धण्याचं वाटण लागतंच की. लिंबू पिळलेला बांगडा आणि ती बिअर, अजून काही लागत नाही.
आणि कोळशाचं सांगते कारण बहुतेक लोक तिथेच घाई करतात. रॉकेल ओतून पेटवू नका, तो वास मांसाला लागतो. कोळशावर पांढरी राख येईपर्यंत थांबा, मग निखारे एका बाजूला ओढा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. चिकन आधी मोकळ्या बाजूला आतपर्यंत शिजू द्या, शेवटी निखाऱ्यावर रंग आणा, नाहीतर बाहेरून काळं आणि हाडाजवळ कच्चं.
आमच्याकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मधे चिकन आणि अंडी, पाण्याचा थेंब नाही, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवतीने जाळ. त्या पाल्याच्या वासाला विटबिअर एवढी शोभते, दरवर्षी भाऊ पुण्याहून घेऊन येतो.

कोकमप्रेमी:
गाडी चालवणाऱ्यांचा पण विचार करा प्लीज. घाटात रात्री परत येणार असाल तर एकाने अजिबात प्यायची नाही, आणि त्याला नुसती कोल्ड्रिंकची बाटली देऊन बसवू नका. कोकम आगळ, थोडी साखर, जिरं, वरून थंड सोडा, तिखट चिकनला हे बिअरइतकंच छान लागतं. त्यापेक्षा सगळे मुक्कामच करा.

निखारे_आणि_गप्पा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्काम केला. हेफे आणि स्टाउट दोन्ही नेल्या, विटबिअर मिळाली नाही. चिकन आणि हेफे, काय सांगू, पहिल्या घासाला सगळे गप्प झाले, तेच तिखट पण जीभ जळत नाही, मसाल्याची चव उलट जास्त लागत होती. बंगलोरवाला एक जण तर म्हणाला मागच्या वेळचं चिकन वेगळं होतं का, म्हटलं नाही रे तेच आहे. वांगं आणि स्टाउट हे शाकाहारी दोघांनी आधी पटकावलं आणि मग सगळ्यांनी, सहा वांगी नेलेली ती पहिल्या तासात संपली. राख येईपर्यंत थांबलो त्यात पाऊण तास गेला, पण खरं तर त्या पाऊण तासातच चार वर्षांचं सगळं बोलून झालं, एकाची नोकरी गेलीय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, तो तिथे शेगडीपाशी बोलला.
रायगडची_लेक ताई, जानेवारीत पोपटी लावायची ठरलीय, नऊ जणांना मडकी किती लागतील?

रायगडची_लेक:
मोठी दोन. पाला भरपूर आणा, तिथे कंजूषी केली की शेंगा करपतात.