शब्दचर्चा: ‘कोझी मिस्टरी’ला मराठीत काय म्हणाल?

रानमेवा

आमच्या मंडळाच्या वाचनगटात पुढच्या बैठकीला मी एका कादंबरीप्रकाराची ओळख करून देणार आहे आणि मथळ्यापाशीच अडले आहे. इंग्रजीत त्याला ‘क्युलिनरी कोझी’ म्हणतात, म्हणजे स्वयंपाकाभोवती गुंफलेली ‘कोझी मिस्टरी’. नायिका पोलीस नसते, खासगी गुप्तहेरही नसते. तिची बेकरी असते, नाहीतर ती लग्नकार्यांच्या जेवणाची कंत्राटं घेते. गाव लहान. खून होतो, पण रक्त पानावर सांडत नाही आणि शयनगृहाचं दार लेखिका बाहेरूनच ओढून घेते. शेवटी गुन्हेगार सापडतोच. आणि अधूनमधून खऱ्याखुऱ्या रेसिपी छापलेल्या असतात, मापांसकट.

जोआन फ्लूक यांची हॅना स्वेन्सन सगळ्यांत माहितीची असावी. मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावात ती ‘द कुकी जार’ नावाचं दुकान चालवते. तिची पहिली कादंबरी २००० सालची. त्याच्या दहा वर्षं आधी डायॅन मॉट डेव्हिडसन यांची गोल्डी आली. ती कोलोरॅडोतल्या डोंगराळ गावात केटरिंग करते. नवऱ्याचा मार खाऊन त्या घरातून बाहेर पडलेली, मुलाला एकटीने वाढवणारी बाई आहे ती. म्हणजे ‘कोझी’ म्हटलं तरी सगळं गुलाबी नसतं.

मला तीन शब्द हवेत: ‘कोझी’ला, तपास करणाऱ्या या हौशी बाईला आणि ‘रेड हेरिंग’ला, म्हणजे वाचकाला मुद्दाम चुकीच्या वाटेला लावणाऱ्या खोट्या धाग्याला. ‘ऊबदार रहस्यकथा’ लिहून पाहिलं, पटलं नाही.

ताकभात

‘ऊबदार’ नकोच. मराठीत तो स्पर्शाचा शब्द आहे. गोधडी ऊबदार, कूस ऊबदार. ‘ऊबदार कथा’ म्हटलं की वाचक आजी-नातवाची गोष्ट समजून बसेल आणि तिसऱ्या पानावर प्रेत निघेल. चहाच्या किटलीवर घालायची टीकोझी आपल्याकडच्या जुन्या घरांत होतीच, त्यामुळे शब्द काही अगदीच परका नाही. ‘कोझी’ असाच देवनागरीत लिहा, दोनदा वाचला की रुळेल.

आमसूल

‘पाकरहस्यकथा’ कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवते, तो शब्द चालणार नाही. ‘पाक’ म्हटलं की पन्नास वर्षांच्या बातम्यांनी घडवलेला आपला डोळा सीमेपलीकडे जातो. ‘पाकरहस्य उघड’ ही हेरखात्याची बातमी वाटते. उरलेल्यांना साखरेचा एकतारी पाक आठवेल.

रेसिपीला मात्र आपल्याकडे शब्दांची ददात नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापलं गेलं. त्यातलं सूप धान्य पाखडायचं नव्हे, संस्कृतातलं, म्हणजे वरण. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’मध्ये ‘पाकक्रिया’ हा शब्द आहे. नंतर मासिकांनी ‘पाककृती’ रुळवली. बोलताना मात्र बायका नुसतं ‘कृती’ म्हणत आल्या: “वड्या छान झाल्यात, कृती दे गं.” माझं मत ‘कृती’ला. गुन्हाही शेवटी कृतीच असतो, त्यामुळे या पुस्तकांना तो शब्द दोन्ही बाजूंनी बसतो.

कल्हई

जरा लांबलचक लिहितो, कारण हा प्रकार मला मनापासून आवडतो आणि त्याला ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारलेलं बघवत नाही.

आधी एक गोष्ट. स्वयंपाक आणि संशय यांची सोयरीक लावायला आपल्याला इंग्रजीकडे जावंच लागत नाही. मराठीत कट *शिजतो*. दोघं कोपऱ्यात कुजबुजत असली की आपण म्हणतो, “यांचं काहीतरी शिजतंय.” बातमी तिखटमीठ लावून सांगितली जाते, गुपित कुणाच्या पोटात राहत नाही, कुठेतरी पाणी मुरत असतं आणि शेवटी एखाद्याचं पितळ उघडं पडतं.

हे पितळ भांड्याचं. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाची कल्हई केलेली असायची. ती झिजली की खालचं पितळ दिसायला लागायचं, आणि अशा भांड्यात ताक, कढी, चिंचेची आमटी असं आंबट काही ठेवलं की ते कळकायचं. चव बिघडायची, वर हिरवट झाक यायची. खाणाऱ्याच्या पोटात ढवळायचं. ‘कळकणे’ हे क्रियापद आता स्टीलच्या भांड्यांबरोबर मागे पडलं, पण एखाद्या लेखिकेने जुन्या वाड्यातली रहस्यकथा लिहायला घेतली तर या एका क्रियापदावर अख्खं प्रकरण उभं राहील. जेवण कळकलं होतं की त्यात कुणी काही कालवलं होतं? सांगू शकेल तो आचारी, नाहीतर कल्हईवाला. पोलिसांना त्यातलं काय कळणार?

आणि ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण तर अख्ख्या कादंबरीचा सांगाडा आहे. अळवात आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून फदफद्यात चिंच किंवा आमसूल पडतं, आणि सुरण आधी आमसुलाच्या पाण्यात उकळून घेतात. ज्याने चोरून कच्चंपक्कं खाल्लं, त्याचा घसा त्याला गप्प बसू देत नाही. पुरावा आरोपीच्याच घशात! आपण ही म्हण अपराधी मनाला लावतो, पण तिचं मूळ चुलीपाशी आहे.

या कादंबऱ्यांत नेमकं हेच होतं. तपास लागतो तो स्वयंपाकातल्या जाणकारीने. १९३८ साली रेक्स स्टाउट यांनी ‘टू मेनी कुक्स’ लिहिली. तिचा बाज कोझीचा नाही, पण रेसिपींची चाल त्या काळीही तिच्यात होती. त्यात एक प्रसंग आहे. जगातले नावाजलेले आचारी एका आलिशान विश्रामस्थळी जमलेत. टेबलावर एकाच सॉसची नऊ भांडी मांडलेली, प्रत्येकातून एकेक जिन्नस मुद्दाम वगळलेला. एकेकाने आत जायचं, चाखायचं आणि कशात काय नाही ते कागदावर लिहायचं. त्या चाखण्याच्या खेळातच खून होतो. मग ज्याचे कागदावरचे अंदाज साफ चुकलेत, त्याची जीभ ऐनवेळी का चुकली, हा प्रश्न तपासात येतो. बोटांचे ठसे घ्यायच्या ऐवजी जिभेचा ठसा घेतल्यासारखं आहे हे. मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचतो.

आज आपण ज्याला क्युलिनरी कोझी म्हणतो, त्याची वाट व्हर्जिनिया रिच यांच्या १९८२ च्या ‘द कुकिंग स्कूल मर्डर्स’पासून रुंद झाली. तिथून पुढे पीकच आलं, आणि त्यात पोचटही भरपूर आहे हे मान्य. नावात खाद्यपदार्थावर कोटी, मुखपृष्ठावर केक आणि मांजर, आत रहस्य पातळ. पण चांगल्या पुस्तकांत रेसिपी शोभेची नसते. फ्लूक यांच्या पुस्तकांत कृतीखाली ‘हॅनाची टीप’ असते: लोणी किती मऊ हवं, अमुक नसेल तर तमुक घाला. म्हणजे कृती सांगणारी लेखिका नाही, ती पात्रच बोलतंय.

माझ्या मते आकर्षणाची गोम इथे आहे. रहस्यकथेत सगळे खोटं बोलत असतात किंवा काहीतरी लपवत असतात, आणि वाचकाने कुणावरही विश्वास ठेवायचा नसतो. अशा पुस्तकात कृतीचं पान हे एकच पान असं, की जे खोटं बोलत नाही. ते तुम्ही स्वतःच्या ओट्यावर तपासून घेऊ शकता. कुकी ठीक झाली की त्या बाईच्या शब्दावर भरवसा बसतो, मग ती “माझा त्या माणसावर संशय आहे” म्हणाली की आपण तिच्या बाजूने उभे राहतो.

म्हणून माझी सूचना: ‘घरगुती रहस्यकथा’. मराठीत ‘घरगुती’ हा विश्वासाचा शब्द आहे. चकलीच्या पाकिटावर, खानावळीच्या पाटीवर, लोणच्याच्या बरणीवर तो लिहिलेला असतो. कुणीतरी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात जसं करेल तसं केलंय, असं तो सांगतो.

पडवी

‘घरगुती’ला अनुमोदन. आता त्या बाईचं बघू. ‘हौशी गुप्तहेर’ अर्थाने बरोबर आहे, पण बेजान. मराठीत अशा बाईला दोन शब्द आहेत, ‘चौकस’ आणि ‘भोचक’, आणि दोघींच्या कामात काडीचा फरक नाही. शेजारच्या घरात दिवा किती वाजेपर्यंत होता, दूधवाल्याने पिशवी परत का नेली, सूनबाई माहेरून लवकर का आल्या, हे दोघींना माहीत असतं. चौकशीतून काही निष्पन्न झालं की ती चौकस ठरते, नाही झालं की भोचक. आणि एक बघा, ‘चौकस मुलगा’ असं आपण कौतुकाने म्हणतो, बाईच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा भोचकपणाच येतो.

अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली, तेव्हा गावातले पुरुष तिला भोचक म्हातारीच समजत होते. सेंट मेरी मीड या तिच्या गावातल्या माणसांचे स्वभाव तिला पाठ होते आणि तेवढ्या भांडवलावर तिने खुनी ओळखले. बेकरीवाली, केटरर, चहाची खोली चालवणारी या सगळ्या तिच्याच लेकी-नाती. दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या बाईला अख्खं गाव येऊन सगळं सांगून जातं, तिला वेगळी चौकशी करावीच लागत नाही.

मी ‘चौकस बाई’ म्हणेन. मथळ्यात ‘भोचक’ टाकायची हिंमत असेल तर मात्र तोच टाका. वाचकाला लगेच माणूस दिसतो.

देवचाफा

रेड हेरिंगला ‘चकवा’. दुसरा शब्द शोधूच नका.

हेरिंग हा मासा खारवून धुरी दिली की लालसर होतो आणि त्याचा वास उग्र असतो. शिकारी कुत्र्यांना माग सोडायला लावण्यासाठी असा मासा वाटेवर ओढत नेल्याची गोष्ट इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट यांनी १८०७ साली आपल्या साप्ताहिकात लिहिली आणि तिथून हा वाक्प्रचार आजच्या अर्थाने पसरला. आपल्या कोकणात माग सोडवण्याचं काम चकवा करतो. रात्री रोजच्या वाटेने निघालेला माणूस फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो, तेव्हा म्हणतात, “चकवा लागला.” वाचकाचंही तेच होतं. सरळ वाट समोर असते आणि लेखिका त्याला एकाच संशयिताभोवती फिरवत ठेवते.

‘हूल’ म्हणजे क्षणभराची फसवणूक, ती पानभर पुरेल. चकवा प्रकरणभर टिकतो.

ताकभात

‘चकवा’ एकदम मान्य. ‘घरगुती’वर माझी एक हरकत आहे. आज हा शब्द ‘घरगुती हिंसाचार’ या जोडीत इतका ऐकू येतो की ‘घरगुती रहस्यकथा’ म्हणजे सासरच्या छळाची कथा वाटू शकेल.

कल्हई

हरकत रास्त आहे, पण मला ती शब्दाच्या बाजूनेच जाते असं वाटतं. या प्रकारच्या लेखनासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं संमेलन भरतं, तिथे अगाथा पुरस्कार दिले जातात. त्या संमेलनाचं नावच ‘मॅलिस डोमेस्टिक’. शब्द शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधले: घरातलाच द्वेष, घरभेद म्हणा ना. खुनी बाहेरून येत नाही, तो पंगतीतच बसलेला असतो. ‘घरगुती’त ऊब आणि धोका दोन्ही असतील तर तो शब्द ‘कोझी’पेक्षा सरस झाला. रानमेवांनी वर गोल्डीबद्दल जे लिहिलंय, तेही याच शब्दात बसतं.

शिवाय आता या पुस्तकांतलं घरही बदललंय. मिया मनानसाला यांची ‘आर्सेनिक अँड अडोबो’ २०२१ ची. इलिनॉयमधल्या छोट्या गावात फिलिपिनो कुटुंबाचं रेस्टॉरंट, आणि संशय थेट नायिकेवर. आत्या-मावश्यांचा गोतावळा आहे, येताजाता लग्नाची चौकशी आहे आणि मागेही रेसिपी आहेत. ते वाचताना आपलं कुणी सांगलीकर किंवा मडगावकर असं कधी लिहील, असं सारखं वाटत राहतं.

रानमेवा

मथळा ठरला: ‘घरगुती रहस्यकथा: खून, चकवा आणि कृती’. नायिकेसाठी आत ‘चौकस’ही वापरते आणि ‘भोचक’ही, दोन्ही का ते पडवींचं म्हणणं सांगून. सगळ्यांचे आभार. आता बैठकीला नेण्यासाठी पदार्थ सुचवा. कुकी नकोत, त्या तर सगळेच आणतील.

आमसूल

कटाची आमटी! वर कल्हईंनी कट शिजवला, पण दुसरा कट राहिलाच. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून येतं तो कट. हे दोन्ही ‘कट’ एकाच मुळातले आहेत असं मी म्हणत नाही, पण मराठी घरगुती रहस्यकथेला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

आणि यात पुरावासुद्धा आहे. पुरणाची डाळ शिजवल्याशिवाय कट निघत नाही. एखादी बाई म्हणाली, “आज आमच्याकडे पुरणाचा घाट नव्हता, कुणी जेवायला आलंच नव्हतं,” आणि तिच्या पातेल्यात कटाची आमटी सापडली, तर चौकस शेजारीण तिथल्या तिथे विचारेल: मग पोळ्या कुणी खाल्ल्या?

कृती: एक वाटी हरभरा डाळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर निथळायची. खालचा कट तीनेक वाट्या तरी हवा. त्यात डाळीतली दोन चमचे डाळ घोटून घालायची, म्हणजे आमटीला अंग येतं. सुकं खोबरं, जिरं, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा कोरडं भाजून बारीक वाटायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. आच मंद करून तिखट आणि काळा मसाला, लगेच वाटण, मग कट. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, आणि चांगली खळखळून उकळी.

टीप: तिखट फोडणीत जळू देऊ नका, रंग जातो. चिंच-गूळ सुरुवातीला बेतानेच, कारण आमटी मुरली की दोन्ही पुढे येतात. बैठक दुसऱ्या दिवशी असेल तर रात्रीच करून ठेवा. सकाळी ती दाट झालेली असेल, तापवताना गरम पाणीच घाला.