मदत हवी आहे: जेवलं की पोटात कळ, धमनी दबल्याचं निदान

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. माझी धाकटी बहीण, वय २७. दीड वर्ष झालं, जेवण झालं की थोड्या वेळात बेंबीच्या वर अशी कळ येते की ती गुडघे पोटाशी घेऊन बसून राहते. आता अर्धी भाकरी ताटात घेतानाही आधी घड्याळ बघते. वजन ५४ वरून ४३ वर आलंय. एंडोस्कोपी, सोनोग्राफी नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) सापडलं. श्वासपटलाचा पट्टा जठर, यकृताला रक्त नेणाऱ्या सीलिअ‍ॅक धमनीवर दाबतोय, म्हणजे मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम. श्वास सोडला की दाब वाढतो, म्हणून डॉपलरही (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) श्वास घेऊन आणि सोडून, दोन्ही वेळा केला. आता दुर्बिणीतून पट्टा कापायला सांगितलाय. त्याआधी तिथल्या नसांच्या जाळ्यात भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं थांबतं का, ते बघणार आहेत.

कोणी हे ऑपरेशन करून घेतलंय का? दुखणं पुन्हा उलटलं का? पुण्या-मुंबईत अशा केसेस नेहमी करणारे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन कोण? आणि तोवर तिला खायला काय द्यावं? सध्या दर दोन तासांनी वाटीभर पेज देतोय, तीही कधी कधी उरते.