मदत हवी आहे: कूपन लागत नाहीये आणि किराण्याचं बिलही कमी होत नाहीये

फाटकी_पिशवी
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा कारण कूपन आज रात्री 12 ला संपतंय. दोन महिने झाले मी रीतसर तुलना करतेय, तीन ठिकाणचे दर एक्सेलमध्ये टाकते, जे जिथे स्वस्त ते तिथून मागवते, कूपनं जपून ठेवते, आणि एवढं करून महिन्याचा खर्च आधीपेक्षा जास्तच. काहीच करत नव्हते तेव्हा बरं होतं म्हणायची वेळ आलीय. आणि आत्ता तर कहर झाला, शेवटच्या पायरीला कूपन टाकलं की लाल अक्षरात नकार. चार वेळा केलं, अ‍ॅप काढून परत टाकलं, ढिम्म फरक नाही. नवरा शेजारी बसून हसतोय ते वेगळंच. यादी नेहमीचीच आहे. काय करू?

भोचक
लाल अक्षरात नक्की काय लिहून येतंय? घरात माणसं किती? "नेहमीची यादी" तुम्हाला माहीत, आम्हाला कशी माहीत असणार?

फाटकी_पिशवी
अहो तेच, मिनिमम ऑर्डर पूर्ण नाही म्हणे. पण माझी ऑर्डर मिनिममच्या वर आहे, खाली टोटल दिसतेय ना.

भोचक
आम्हाला नाही दिसत :)

जुना_खेळाडू
ताई, रागावू नका पण कूपनबिपन सगळं सोडा. मी कित्येक वर्षं एकच करतोय, एक तारखेला किराण्याची रोख रक्कम पाकिटात घालायची आणि पाकीट संपलं की खरेदी बंद. कार्ड नाही, अ‍ॅप नाही. हातातून नोट जाताना जे दुखतं ना, ते बटण दाबताना दुखत नाही. एवढं एक करून बघा, बाकी कशाची गरज पडणार नाही.

रिकामा_मेंदू
काका, त्यांचं कूपन रात्री 12 ला संपतंय. पाकीट एक तारखेला.

पैपैसा
मला वेगळी शंका येतेय. एक्सेलमध्ये तुम्ही पाकिटाची किंमत लिहिता की किलोचा/लिटरचा दर?

फाटकी_पिशवी
पाकिटाची किंमत. तीन रकाने, तीन दुकानं. त्यात काय चुकलं?

पैपैसा
तिथेच सगळी गोची आहे. एकीकडे 900 ग्रॅमचं पाकीट असतं, दुसरीकडे किलोचं, तिसरीकडे 850 चं, आणि फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. माझ्याकडे धुण्याच्या पावडरीचं असंच झालं होतं, पाकीट तेच, रंग तोच, किंमतही तीच, वजन मात्र 500 चं 450 झालेलं, म्हणजे भाव वाढवल्याचं कुठे न सांगता दर 11 टक्के वर. श्रिंकफ्लेशन म्हणतात याला. एक रकाना वाढवा, किंमत भागिले वजन, बस. मोठं पाकीट स्वस्तच पडतं हेही गृहीत धरू नका, दुप्पट वजनाला दुपटीपेक्षा जास्त पैसे लावलेले मी स्वतः पकडलेत. आणि तेलाला खास लक्ष द्या, कुणी लिटरमध्ये विकतं कुणी किलोत. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. तेव्हा लिटरचा पाऊच आणि किलोचा डबा एकाच किमतीला असतील तर डब्यात दहाएक टक्के माल जास्त आहे.

फाटकी_पिशवी
देवा. माझ्याकडे तेलाच्या दोन ओळी आहेत, एक लिटर एक किलो, आणि मी दोन महिने लिटरवाला घेतेय कारण तो "स्वस्त" होता.

साबणाचा_फेस
धुण्याच्या पावडरीला किलोचा दरही फसवा असतो बरं का. काहींना एका धुण्याला दीड माप लागतं, काहींना अर्धं. पाकिटावर किती धुणी होतील ते लिहिलेलं असतं, त्याने भागा. डबाबंद वस्तूंना पाणी काढल्यावरचं वजन बघा नाहीतर पाकाचे पैसे द्याल.

जुना_खेळाडू
एवढं भागाकार करत बसायचं तर माणसाने दुसरं काही करायचं की नाही? तासभर घालवून चार नाणी वाचवायची. माझ्या वेळेलाही काही किंमत आहे.

पैपैसा
एकदा शीट केलं की परत करायला लागत नाही काका, फक्त किंमत बदलायची. आणि तुमच्या पाकिटात पैसे किती घालायचे ते तुम्ही कशावरून ठरवता? मागच्या महिन्यावरून. मागच्या महिन्यात महाग घेतलं असेल तर या महिन्याचं पाकीटही जाडजूडच राहणार.

जुना_खेळाडू
आमचं बरं चाललंय.

कोपऱ्यातला_कांदा
सोप्पा उपाय. नवीन नंबरवरून नवीन अकाउंट काढा, पहिल्या ऑर्डरचं तगडं कूपन मिळतं. मी घरातल्या सगळ्यांचे नंबर वापरलेत, आता शेजारच्यांचे चालू आहेत.

रिकामा_मेंदू
आणि पत्ता एकच? आमच्या ऑफिसातल्या एकाने हेच केलं, एक दिवस सगळी अकाउंटं एकदम बंद, वॉलेटमध्ये साठलेला कॅशबॅकही गेला. अटींमध्ये लिहिलेलं असतं, एका घराला एकदाच. नका शिकवू हे लोकांना.

कोपऱ्यातला_कांदा
मला दोन वर्षांत काही झालं नाही. ज्याचं त्याने बघावं.

डबे_बरण्या
मी सेलमध्ये एकदम भरून ठेवते, पण मग पिठात आणि धान्यात पोरकिडे होतात त्याचं काय करता तुम्ही? मी आणल्या आणल्या पीठ चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग बाहेर काढून, पिशवी पूर्ण सुकली की हवाबंद डब्यात. अंडी असतात ती मरतात. घाईने डब्यात भरलं तर पिशवीवरचं पाणी आत जाऊन बुरशी येते, ते सांभाळा.

फाटकी_पिशवी
छान माहिती पण मला आत्ता किडे झालेले नाहीत, कूपन झालंय. साडेनऊ वाजले.

भोचक
म्हणूनच विचारतोय ना कधीपासून. कार्टात काय काय आहे ते टाइप करा. आणि कूपनच्या खाली अटी नावाचं बारीक काहीतरी असेल ते उघडा.

फाटकी_पिशवी
ठीक. तेल 5 पाऊच, साखर, पीठ, डाळी, साबण सहाचा पॅक (2 वर 1 फ्री), धुण्याची पावडर, टूथब्रशचा चारचा सेट, बिस्किटं, एक शाम्पू, कागदी नॅपकिन. टूथब्रश खरं तर नको होता, घरात सहा कोरे पडलेत, पण मिनिममला थोडं कमी पडत होतं म्हणून टाकला. नॅपकिन पण तसाच. बाकी दोन दुकानांत पण तेच करावं लागतं नाहीतर डिलिव्हरी चार्ज लावतात.

रिकामा_मेंदू
सापडलं की मग बिल का वाढतंय ते! एक खरेदी तीन ठिकाणी वाटली, म्हणजे तीन मिनिमम पूर्ण करायचे आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी फालतू भरायचं. दुकानदार एकदोन वस्तू मुद्दाम तोट्यात विकतो, लॉस लीडर म्हणतात, गिऱ्हाईक त्यासाठी आलं की बाकीचं तिथेच घेणार हे त्याला माहीत असतं. तुम्ही तिन्हीकडची स्वस्त वस्तू उचलता खरी पण सोबत टूथब्रश घेऊन येता.

फाटकी_पिशवी
नवऱ्याला हे वाचून दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही.

टिंबटिंब
कूपनवरून आठवलं, कूपनांची सुरुवात कोका-कोलाने केली, 1887-88 च्या सुमारास, फुकट ग्लासाच्या चिठ्ठ्या वाटून. आणि दुकानातला बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला 26 जून 1974 ला, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. त्याआधी प्रत्येक वस्तूची किंमत बघून हाताने गल्ल्यावर मारायचे. विचार करा.

रिकामा_मेंदू
विचार केला. आता काय करू?

साबणाचा_फेस
साबण 2 वर 1 फ्री चांगलं आहे, ते ठेवा. तिसरा हिस्सा सुटतो.

कोपऱ्यातला_कांदा
त्यापेक्षा "50 टक्के जास्त माल" वालं पाकीट घ्या, त्यात निम्मी सूट मिळते.

पैपैसा
निम्मी नाही हो. 100 ग्रॅमच्या पैशात 150 ग्रॅम, म्हणजे 150 तले 50 फुकट, तिसरा हिस्साच. 2 वर 1 फ्री आणि हे एकच आहे. आणि "दुसऱ्यावर 50 टक्के" म्हणजे दोन्ही मिळून फक्त 25.

कोपऱ्यातला_कांदा
पाकिटावर ठळक 50 लिहिलंय, तुम्ही 33 म्हणता. कंपनी खोटं छापेल का?

पैपैसा
खोटं छापलेलं नाहीच. 50 टक्के माल जास्त हे खरंच आहे, 50 टक्के सूट असं कुठे लिहिलंय? तसंच "20 टक्के अधिक 10 टक्के" म्हणजे 30 नाही, 28. आधी 100 चे 80 होतात, मग 80 चे दहा टक्के म्हणजे 8, राहिले 72.

कोपऱ्यातला_कांदा
मला नाही पटत पण असो.

भोचक
गणिताचा तास संपला असेल तर, पिशवीताई, अटी उघडल्या का?

फाटकी_पिशवी
उघडल्या. मुंगीएवढी अक्षरं आहेत. "निवडक उत्पादनांवर लागू. आधीच सवलत असलेल्या वस्तू, तेल व साखर वगळून. कमाल सवलतीच्या मर्यादेस अधीन. अन्य ऑफरसोबत जोडता येणार नाही."

भोचक
झालं की मग. तुमची टोटल सगळ्या कार्टाची आहे, कूपनवाला मोजतोय फक्त चालणाऱ्या वस्तू. पाच पाऊच तेल गेलं, साखर गेली, साबण आधीच ऑफरमध्ये म्हणून तोही गेला. उरलं काय? पीठ, डाळी, पावडर, बिस्किटं, शाम्पू, नॅपकिन आणि तुमचा टूथब्रश. त्याची बेरीज करा, मिनिममच्या खाली येईल.

फाटकी_पिशवी
थांबा करते.

फाटकी_पिशवी
खाली येतेय. बऱ्यापैकी खाली. म्हणजे कूपन बसवायला मला अजून तेवढंच सामान भरावं लागेल??

पैपैसा
भरू नका! "कमाल सवलत" काय लिहिलीय ते आधी बघा. समजा 20 टक्के, कमाल 100. तर 500 च्या खरेदीपर्यंतच खरे 20 टक्के, 2000 ची केलीत तर हातात येतात 5 टक्के. कूपन बसवायला जे जास्तीचं घ्याल त्याची किंमत जर मिळणाऱ्या सुटीपेक्षा जास्त असेल आणि ते एरवी घेतलंच नसतंत, तर ते कूपन तुम्ही विकत घेतलंत.

जुना_खेळाडू
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

भोचक
नाही हो काका, तुम्ही पाकीट सांगत होतात.

साबणाचा_फेस
पुढच्या महिन्यात लागणारच आहे असं काही टिकाऊ आत्ता घेता येईल ना? पावडर दोन पाकिटं घ्या, खराब होत नाही. आणि टूथब्रश काढा.

दुपारची_झोप
एक अनुभव सांगते. मी असंच कूपन लावून मागवलं, त्यातलं एक पाकीट फुटलेलं आलं म्हणून परत केलं, तर पैसे परत आले ते त्या वस्तूच्या वाट्याची सूट कापून. बरोबरच आहे म्हणा, पण मी छापील किंमत धरून बसले होते आणि कस्टमर केअरशी अर्धा तास भांडले. मग त्या मुलीने शांतपणे समजावलं तेव्हा माझीच मला लाज वाटली.

फाटकी_पिशवी
बरं ऐका. टूथब्रश, नॅपकिन, शाम्पू काढले. पावडर एकाची दोन केली, पीठ एक जास्त घेतलं. तेल किलोवाल्याकडून मागवणार, वेगळं. चालणाऱ्या वस्तूंची बेरीज आता मिनिममच्या जेमतेम वर आहे. टाकते कूपन.

रिकामा_मेंदू
श्वास रोखून बसलोय.

फाटकी_पिशवी
लागलं!!! हिरवं झालं! 11 वाजून 40 मिनिटं. आभार सगळ्यांचे, विशेषतः भोचक यांचे. सूट फार काही नाहीये पण मागच्या महिन्यापेक्षा टोटल कमी आहे आणि घरात सातवा टूथब्रश येत नाहीये. उद्या शीटमध्ये वजनाचा रकाना घालते, ते भागाकाराचं सूत्र कसं लिहायचं कुणी सांगेल का?

पैपैसा
किंमत बी मध्ये आणि वजन ग्रॅममध्ये सी मध्ये असेल तर बरोबरचं चिन्ह टाकून बी2 भागिले सी2 गुणिले 1000. किलोचा दर येईल. मग खाली ओढा.

डबे_बरण्या
जास्तीचं पीठ घेतलंत ना? फ्रीझरमध्ये जागा करून ठेवा.

भोचक
अभिनंदन. पण घरात माणसं किती ते अजून सांगितलंच नाहीत.